अर्धा राहिलेला डाव

बुद्धिबळ क्लबाच्या खोलीत पाऊल न वाजवता जावं लागे, झोपलेल्या लेकीजवळ जावं तसं. कवडशात धूळ तरंगे. शिवणकामवालीला वाटे, क्लब चालवणारे बाबा गेल्यापासून इथले मोहरे दिवसभर झोपा काढतात आणि दार लावलं, की आपापसांत खेळून घेतात.

"रविवारी आठ माणसं पटावर दिसली, तर खोली तुमची," इमारतीचे व्यवस्थापक म्हणाले होते. "नाहीतर रंगाचे डबे ठेवतो. ते निदान रोज हजर असतात."

जुनी मंडळी "येतो की!" म्हणत आणि फिरकत नसत. मग तिने शक्कल लढवली. लेकीला छातीशी बांधायचं, छोटा चुंबकाचा पट घ्यायचा आणि सातजणांच्या दारी जायचं. मुद्दाम चुकत खेळायचं आणि समोरचा जिंकायला लागला, की पट मिटायचा. मापांच्या वहीत, छाती-कंबरेच्या आकड्यांखाली, मांडणी टिपायची.

"अगं, मात देत होतो मी!" न्हावी वस्तरा उगारून ओरडला. खुर्चीतलं गिऱ्हाईक आक्रसलं.

"म्हणून तर उरलेला डाव रविवारी. क्लबात."

निवृत्त पोस्टमनकाका मात्र पुटपुटले, "बापाने हेच शिकवलं होय तुला?"

ते तिच्या जिव्हारी लागलं. बाबांनी तिलासुद्धा कधी फुकट डाव दिला नव्हता.

रविवारी तिने वहीत बघून सात पट मांडले. पाच वाजले. साडेपाच झाले. मग न्हावी आला, खांद्यावर टॉवेल तसाच. मागोमाग पाववाला, कोपरापर्यंत पिठाचा. बघता बघता साती खुर्च्या भरल्या. ती या पटावरून त्या पटावर तरंगत गेली आणि एकेक डाव हरली.

"आता दुसरा!" सगळे चेकाळले.

"शेजाऱ्याशी खेळा. हिला भूक लागलीय."

न्हाव्याने पाववाल्याकडे खुर्ची वळवली. "ये, तुझंही पीठ काढतो." तीन जोड्या जमल्या. पोस्टमनकाका एकटेच उरले.

ती कोपऱ्यात पाठ करून लेकीला पाजत होती, तेवढ्यात दारात व्यवस्थापक उभे. बोटांवर मोजत म्हणाले, "सातच की."

"आठवी ही काय," काकांनी समोरची खुर्ची ओढली. "ये पोरी, पाजता पाजता खेळ. आणि या वेळी मुद्दाम हरलीस, तर बापाची शपथ आहे तुला."

तिने पदराआड लेकीला सावरलं आणि प्यादं पुढे सरकवलं. कितीतरी दिवसांनी, जिंकण्यासाठी.

व्यवस्थापक गेलेच नाहीत. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "काका, तो घोडा..."

"मधे बोलायचं नाही!" सातजण एकदम ओरडले. लेक दचकली, आणि पुन्हा प्यायला लागली.