पुस्तक मिटून सांगा

"कुलूप!" वहिनींच्या तोंडून निसटलंच.

समोरच्या खुर्चीत मिस्त्रींचे ओठ अजून 'कु'पाशीच थरथरत होते. शब्द आयता कानावर पडला तसं त्यांनी हातातलं कुलपाच्या चित्राचं कार्ड टेबलावर टाकलं आणि मान खिडकीकडे फिरवली.

गेलेलं बोलणं परत शिकवणाऱ्या थेरपिस्ट मुलीने पेन खाली ठेवलं. वयाने ती वहिनींच्या भाचीएवढी असेल, पण डोळे रोखून बघायला लागली की मुख्याध्यापिका वाटायची.

"काकू, तुम्ही बाहेर बसा."

"अहो, पण त्यांना येत नव्हतं..."

"येत होतं. वाटेत होतं. तुम्ही मध्येच अडवलंत."

वहिनी बाहेरच्या बाकावर येऊन बसल्या. कान तापले होते. नवऱ्याला सहा महिने जेवू घालायचं, न्हाऊ घालायचं, त्याच्या प्रत्येक 'अं अं'मागचं ओळखायचं, आणि वर कालच्या पोरीने वर्गाबाहेर काढायचं! त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि रागारागाने उघडलं. निदान हे तरी डोळ्यांखालून जाईल.

पुस्तक बॉयलरचं होतं. याच इस्पितळाच्या तळघरात मोठा बॉयलर होता. त्याच्या वाफेवर वरच्या सगळ्या मजल्यांच्या चादरी धुतल्या जायच्या, शस्त्रक्रियेची अवजारं उकळून निघायची. मिस्त्रींनी तो बॉयलर उभ्या आयुष्यात एकदाही रुसू दिला नव्हता. रुसले ते स्वतः. एका सकाळी झडप फिरवताना उजवा हात पानासारखा गळून पडला, आणि त्याच्याबरोबर बोलणंही गेलं. मेंदूत गुठळी, डॉक्टर म्हणाले. डोक्यात सगळं होतं, माणसं ओळखत होते, रागावत होते, हसत होते. फक्त शब्द हाताला लागत नव्हते.

वहिनी तिथेच धुलाईखान्यात होत्या, आणि आदल्या दोन वर्षांपासून बॉयलरवर मदतनीस. मिस्त्रींची बायको म्हणून सगळे त्यांना वहिनीच म्हणत, अगदी अधीक्षकसुद्धा. मिस्त्री पडल्यावर अधीक्षक म्हणाले होते, बॉयलर चालवायच्या परवान्याची परीक्षा द्या, नोकरी तुमची. तोंडी परीक्षा. वहिनी दोनदा बसल्या, दोनदा नापास झाल्या. तिसरी संधी शेवटची. ती गेली की बाहेरून परवानाधारक माणूस येणार, आणि बॉयलरवाल्याची म्हणून मिळालेली मागच्या आवारातली दोन खोल्यांची जागा त्याला जाणार.

अभ्यास केला नव्हता असं कोण म्हणेल? पुस्तक वाचून वाचून पानांचे कोपरे मऊ पडले होते. महत्त्वाच्या ओळींवर पिवळ्या रेघा मारता मारता अख्खी पानं पिवळी झाली होती. वाचताना कसं, सगळं ओळखीचं वाटायचं. आणि परीक्षा घेणाऱ्या साहेबांसमोर उभं राहिलं की डोक्यात पांढरी भिंत. मागच्या खेपेला तर त्या बोलून गेल्या होत्या, "डोळ्यांसमोर आहे साहेब, उजवीकडचं पान, खालून तिसरी ओळ..." साहेब हसले नव्हते, हेच काय ते नशीब. "पान नको," ते म्हणाले होते, "उत्तर द्या."

दार उघडलं. थेरपिस्ट मुलगी बाहेर आली, शेजारी बसली.

"रागावलात?"

"नाही." वहिनींनी पान उलटलं.

"शब्द आयता मिळाला की मेंदू शोधायचं थांबवतो हो. शोधताना जी खटपट होते ना, तिच्यातूनच वाट पडते. म्हणून म्हणते, देऊ नका."

"आणि किती वेळ बघत बसायचं?"

"तुम्हाला बघवेनासं होईल त्याच्यापुढे जरासं." मग तिने पुस्तकाकडे पाहिलं. "काय वाचताय?"

"सेफ्टी व्हॉल्व्ह. हे पान मला तोंडपाठ आहे."

"मिटा बरं. आणि सांगा."

वहिनींनी पुस्तक मिटलं. तोंड उघडलं. 'दाब प्रमाणाबाहेर वाढला की...' पुढे? आता, या क्षणी तर वाचलं होतं! पिवळी पट्टी दिसत होती, तिच्यावरची अक्षरं नव्हती. बाकासमोरून वॉर्डबॉय जात होते, कुणाची तरी ट्रॉली खडखडत होती. वहिनींचा हात आपसूक पुस्तकाच्या कडेकडे गेला. मुलीने त्यावर आपला तळवा ठेवला.

"नका उघडू."

"अहो, एकदा बघते फक्त."

"काकू, तुम्ही आत मिस्त्रीकाकांना जे करत होतात, तेच बाहेर स्वतःला करताय."

वहिनींनी हात मागे घेतला. मुलगी जरा मवाळ झाली. "रस्त्यात एखादा चेहरा दिसतो, ओळखीचा वाटतो, पण नाव सांगता येतं का? वाचताना येतं ते हे ओळखणं. परीक्षेत चेहरा समोर नसतो, काकू."

त्या दिवसापासून घरात एक चमत्कारिक कारभार सुरू झाला. तिकडे इस्पितळात थेरपिस्ट मुलगी मिस्त्रींची कार्डं दर वेळी पत्त्यांसारखी पिसून घ्यायची. ओळीने विचारलं की ओळ लक्षात राहते, शब्द नाही, असं तिचं म्हणणं. वहिनींना ते पटलं, कारण त्यांनाही मधूनच काही विचारलं की पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागायची. त्यांनी पुस्तकातले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवले आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकले. पहाटे कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी परतल्यावर दोघं टेबलाशी समोरासमोर बसायची. मिस्त्री डाव्या हाताने चिठ्ठी काढायचे, वहिनींपुढे धरायचे. पुस्तक मिस्त्रींच्या मांडीवर, मिटलेलं. अर्थात मिस्त्रींना पुस्तकाची गरज नव्हतीच. वहिनींचं उत्तर चुकलं की ते टेबलावर बोटाने ठक करायचे. बरोबर आलं की चिठ्ठी बाजूला, ती चार-आठ दिवसांनी, जरा विसरायला झालं की परत डब्यात.

"आज आलं ना? मग परत कशाला?" वहिनी कुरकुरायच्या.

ठक.

सुरुवातीचे दिवस भयंकर गेले. आधी निदान सगळं येतंय असं वाटायचं; आता रोज संध्याकाळी आपल्याला काहीच येत नाही हे नव्याने कळायचं. आणि चिठ्ठ्या संपल्या की पाळी मिस्त्रींची. वहिनी खोलीतली एखादी वस्तू उचलायच्या आणि गप्प राहायच्या. मिस्त्रींच्या कपाळाची शीर फुगायची, जबडा वाकडा व्हायचा, घामाचा थेंब नाकाच्या शेंड्याशी यायचा. वहिनी पदराची गाठ मारायच्या आणि सोडायच्या, पण तोंड उघडायच्या नाहीत. एकदा ऐन अशा वेळी नणंद आली. बघते तर दोघं एकमेकांकडे डोळे वटारून बसलेली, मध्ये टेबलावर कंगवा.

"अगं वहिनी, भांडलात की काय?"

"नाही वन्सं. अभ्यास चाललाय."

"कसला? कंगवा काय म्हणतोय?"

"वन्सं!" वहिनी ओरडल्या. कंगवा हा शब्द आयता देऊन नणंदबाई मोकळ्या झाल्या होत्या. मिस्त्री मात्र हसले. आजारपणानंतर पहिल्यांदा, आवाज करून.

परीक्षा आठवड्यावर आली, आणि एक चिठ्ठी काही केल्या वहिनींना सुटेना. बॉयलरला एक काचेची नळी असते, तिच्यात आतल्या पाण्याची पातळी दिसते. चिठ्ठीवर होतं: काचेत पाणी दिसत नाही. प्रथम काय कराल?

"पंप लावीन. पाणी भरीन." वहिनी म्हणाल्या.

ठक.

दर खेपेला त्या हेच म्हणायच्या. चुकल्यावर आठवायचंही की हे नाही, दुसरंच काहीतरी आहे. पण भांडं कोरडं पडलं की पाणी घालायचं, हे हाताला जन्मभराचं वळण. ते आधी बाहेर पडायचं आणि खऱ्या उत्तराच्या वाटेत आडवं बसायचं. त्या संध्याकाळी चिठ्ठी पुन्हा निघाली.

"पंप..."

ठक.

"मग काय? काय मग?" ठक. "ठक ठक काय लावलंय! तुम्हाला येतंय ना? जन्म गेला ना त्या बॉयलरपाशी? मग बोला की! एक शब्द बोला!"

डबा त्यांच्या हाताने उडाला की धक्क्याने, कळलं नाही. चिठ्ठ्या खोलीभर पसरल्या.

मिस्त्री हलले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वहिनींना स्वतःचे शब्द ऐकू आले आणि जीभ हासडून टाकावी असं वाटलं. त्या चिठ्ठ्या गोळा करायला वाकणार, तोच मिस्त्रींनी डाव्या हाताने त्यांचं मनगट पकडलं. ओठ जुळले. सुटले. पुन्हा जुळले.

"ब..."

बर्नर? बटण? बादली? वहिनींच्या जिभेवर ढीगभर शब्द गोळा झाले. त्यांनी दातांवर दात दाबले. मनगटावरची पकड आवळत गेली. मिस्त्रींचा श्वास धाप लागल्यासारखा झाला होता. आता थांबवावं का? नको म्हणावं का? पुन्हा एखादी गुठळी...

"ब... बं..."

त्यांनी डोळे मिटून घेतले. वहिनींनीही.

"बंद," मिस्त्री म्हणाले. आणि मग, जणू दार एकदा उघडलंच आहे तर म्हणून, "आग. बंद."

वहिनी मटकन खाली बसल्या, पसरलेल्या चिठ्ठ्यांच्या मधोमध.

परीक्षेच्या दिवशी साहेब तळघरातच आले. हेच ते, मागच्या दोन वेळचे. बारीक चणीचे, शर्टाच्या खिशात कंगवा आणि कधी न हसणारे. बॉयलर चालू होता. बर्नरच्या घरघरीत मोठ्याने बोलावं लागत होतं. साहेबांनी मधूनच विचारलं, मग शेवटचं, मग पहिलं. उत्तरं येत होती. काही पटकन, काही खोल विहिरीतून बादली ओढावी तशी. एकदा त्या अडल्या. साहेबांनी दया येऊन तोंड उघडलं, "म्हणजे बघा, दाब..."

"सांगू नका साहेब." वहिनींनी हात वर केला. "येतंय."

साहेब चपापले, पण थांबले. आणि आलं.

मग ते काही न बोलता बॉयलरच्या बाजूला गेले. त्यांची पाठ वहिनींकडे होती. ते बाजूला झाले तेव्हा काचेत पाणी नव्हतं.

"काच बघा, बाई."

घरघर चालूच होती. रिकामी काच. वहिनींचा उजवा हात उठला आणि पंपाच्या हिरव्या बटणाकडे निघाला. त्यांनी तो स्वतःच पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. बोट बटणाला टेकायला काय ते वीतभर अंतर होतं. साहेबांचे डोळे त्या बोटावर होते.

हात थांबला.

वहिनी तशाच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांनाही नंतर सांगता आलं नसतं. शेजारची वाफेची नळी टकटक करत होती. मग त्या वळल्या, दोन ढांगांत पलीकडे गेल्या आणि बर्नरचा खटका खाली ओढला.

घरघर थांबली. एवढी शांतता त्या तळघरात त्यांनी कधी ऐकली नव्हती.

"आग बंद," त्या म्हणाल्या. आवाज उगाच मोठा लागला. "पंप नाही. आतल्या नळ्या तापून लाल झाल्या असतील तर गार पाण्याने फुटतील. आता काच तपासते." त्यांनी काचेच्या वरखालचे कॉक, पाणी अडवणाऱ्या तोट्या, पाहिले. दोन्ही आडवे होते. "हे तुम्ही बंद केलेत आणि काच रिकामी केलीत, साहेब."

"हो. पाणी आत होतंच की. उगाच आग विझवलीत."

"मला दिसत नव्हतं, साहेब. दिसत नाही तर नाही असंच धरायचं."

तेवढ्यात भिंतीवरचा फोन किंचाळला. वरून धुलाईखान्यातली बाई विचारत होती, वाफ का गेली, झोपलात का सगळे? "परीक्षा चाललीय," वहिनींनी सांगितलं आणि फोन ठेवला. साहेब कागदावर काहीतरी लिहीत होते. "पेटवा परत," मान वर न करता ते म्हणाले. "चादरी ओल्या राहतील."

परवाना आला. त्या आठवड्यात थेरपिस्ट मुलीने वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं की मिस्त्रींचे शब्द वाढतील, पण पूर्वीसारखं बोलणं परत येईल याची आशा धरू नका. वहिनींनी मान डोलावली. ते त्यांना ठाऊक होतं.

मग एका दुपारी कार्यालयातला सुतार दारात आला. जागा आता नव्या बॉयलरचालकाच्या, म्हणजे वहिनींच्या नावावर. दारावरची पाटी बदलायची होती. वहिनींनी, "नंतर या," असं म्हणून त्याला परतवायचा प्रयत्न केला. पण मिस्त्री आतून काठी टेकत आले होते. त्यांनी जुनी पाटी पाहिली, सुताराच्या हातातली नवी पाहिली. मग काठी भिंतीला टेकवली आणि डावा हात पुढे केला.

"त्यांना पेचकस हवाय," सुतार म्हणाला. "अहो, मी करतो ना, तुम्ही कशाला..."

"द्या," वहिनी म्हणाल्या.

जुने स्क्रू गंजलेले होते. डाव्या हाताला सवय नव्हती. पेचकस खाचेतून निसटायचा, दाराच्या रंगावर ओरखडा उठायचा. सुतार दोनदा पुढे झाला, दोन्ही वेळा वहिनींनी त्याला डोळ्यांनी मागे सारलं. जुनी पाटी निघाली. नवी लागली, किंचित तिरकी. मिस्त्रींनी मागे होऊन ती पाहिली, पुन्हा पेचकस लावला, सरळ केली. बायकोच्या नावावरची धूळ मनगटाने पुसली.

मग ते वाकले, उंबऱ्याशी ठेवलेली आपली पाटी उचलली, आणि काठी धरायला डावा हात मोकळा हवा म्हणून ती उजव्या, निर्जीव हाताच्या काखेत दाबून हळूहळू आत गेले.