सुनेनं ठेवलेलं नाव

कोचकोर गावच्या दवाखान्यात नवे फोन आले, पण कोणता नंबर कुणाचा हे सांगणारा डिरेक्टरी सर्व्हर ठार अडाणी निघाला. माणसांच्या नोंदी जुन्या कॉम्प्युटरात, आणि त्या काही त्याला वाचता येईनात. मग दवाखान्याचे कॉम्प्युटर बघणाऱ्या पेरिझातनं मधे बसणारी एक स्क्रिप्ट लिहिली. सर्व्हर म्हणजे घरात मानाच्या जागी बसलेला म्हातारा. पाहुण्यानं काही मागितलं की तो नुसता हुंकार भरणार, आत जाऊन शोधून आणायचं ते सुनेनं. ही स्क्रिप्ट म्हणजे ती सून.

पेरिझात स्वतःही सूनच, राजधानी बिश्केकहून आलेली. थोरल्या डॉक्टरीणबाई कुल्नारा यांनी साफ सांगितलं होतं, जमलं तर तुझी नोकरी पक्की, नाहीतर राजधानीतून सॉफ्टवेअरचा तयार माल आणू. म्हणजे नवरा इथे आणि पोटापाण्यासाठी ही पुन्हा बिश्केकला. सासरा शामिर्बेक अॅम्ब्युलन्स चालवायचा. जेवताना तो एवढंच बोलला होता, "शहरची पाखरं. उडायचीच." ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

दाखवायच्या दिवशी जेवणघरात सगळे जमले. पडदा भिंतीवर लावला होता. दवाखान्याचं स्वयंपाकघर सांभाळणारी सासू सायराकान पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली.

"कुणाला शोधू, एजे?" पेरिझातनं कुल्नारांना विचारलं. थोरल्या बाईला तिथे 'एजे', म्हणजे ताई, म्हणायची रीत.

"हा काय, शामिर्बेक उभाय. फोन त्याच्या खिशातच आहे," कुल्नारा म्हणाल्या. "त्यालाच शोध."

पेरिझातची बोटं थबकली. सासऱ्याचं नाव सुनेच्या तोंडी येत नाही. लग्न झाल्यावर सायराकान म्हणाली होती, "तुझं तू एखादं नाव ठेव त्यांना, आणि तेच चालव." थोरल्या जावेनं 'गडगडाट' ठेवलेलं, ते अख्ख्या आळीला ठाऊक होतं. पेरिझातनं काय ठेवलंय ते मात्र तिनं कुणालाच कळू दिलं नव्हतं.

"बंद पडलं वाटतं," कुल्नारा म्हणाल्या. "तरी म्हणत होते, तयार माल..."

"बंद नाही पडलं, एजे. पण नाव टाइप करणं म्हणजे नाव घेणंच की."

"अगं बाई, खरंच! सरक, मी करते."

"आज तुम्ही कराल. रोज नर्सा काय करतील? ह्या दवाखान्यात अर्ध्या जणींना अर्ध्या लोकांचं नाव घेता येत नाही." स्वयंपाकघरातून हसू फुटलं. "म्हणून स्क्रिप्टला तेही शिकवलंय. जिनं जे नाव ठेवलं, ते तिला चालतं."

आता मागे फिरणं नव्हतं. तिनं मान खाली घालून अक्षरं दाबली. भिंतीवर उमटलं, 'ऊब अता', म्हणजे ऊब देणारे बाबा, आणि त्याखाली 'शामिर्बेक, ड्रायव्हर'. तिनं टेबलावरचा फोन लावला. शामिर्बेकचा खिसा वाजू लागला.

"ऊब? आणि हा?" हिशेबनीस खो खो हसला. "ह्याच्याकडे बघून दूध नासतं!"

पेरिझात कानापर्यंत लाल झाली. "पहाटे कामावर येताना मी बसायच्या आधी गाडी तापवून ठेवतात. बोलत काहीच नाहीत. पण सीट गरम असते."

सायराकाननं पिठाच्याच हातानं डोळे पुसले.

"तयार मालात असलं काही मिळायचं नाही," कुल्नारा उठत म्हणाल्या. "तुझी स्क्रिप्ट राहिली इथे, आणि तूही."

फोन वाजतच होता. शामिर्बेक टोपी हातात घेऊन भिंतीवरची ती दोन नावं पुन्हा पुन्हा वाचत होता. लग्नापासून तो पेरिझातला 'सूनबाई' यापलीकडे काही म्हणाला नव्हता. ती चार पावलांवर रिसीव्हर धरून उभी होती. त्यानं सगळ्यांकडे पाठ फिरवली, फोन काढून कानाला लावला आणि घसा खाकरला.

"बोल, लेकी," तो फोनमध्ये म्हणाला. "सावकाश ये. गाडी सुरू करून ठेवतो."