वाळकाच्या सहा बिया

वर्तमानपत्राच्या पेल्यात करून बघायला म्हणून लावलेला मूग मरियमनं उचलला, तर पेला लगदा होऊन तिच्या तळव्यालाच चिकटला. तिनं हात लुगड्याला पुसला आणि पायरीवर बसली.

सहा बिया उरल्या होत्या. जामखेडच्या माहेरचं, काकडीसारखं वाळूक. तिकडं आता कुणीच लावत नव्हतं, म्हणजे या सहा गेल्या की वाण संपला. थेट जमिनीत टोकाव्यात तर खारी उकरून खात. गेल्या साली तिनं दुधाच्या पिशव्यांत रोपं केली, ती तरारलीही. पण लावताना पिशवी फाडली, माती ढासळली, मुळ्या तुटल्या आणि दोन दिवसांत सगळ्यांनी माना टाकल्या. यंदा रोपासकट जमिनीत पुरता येईल असाच पेला हवा होता.

"करवंटीत लाव की," तिचा नवरा मोझेस खाटेवरून म्हणाला.

"मुळी काय करवंटी फोडून भाईर येती व्हय?"

"मग जाड कागद पायजे."

"हाय कुठं?"

जाड कागद घरात होता आणि कुठं होता, ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. चर्चचे पाळकसाहेब गावाला गेले की मंडळीत मोझेस उपदेश करी. चाळीस वर्षांचे उपदेश त्यानं जाड कागदाच्या वह्यांत लिहून ट्रंकेत ठेवले होते. त्यांना हात लावायची नातवंडांचीच काय, झुरळांचीही बिशाद नव्हती. मरियम उठून चुलीकडं गेली.

दुपारी ती चहा घेऊन आली, तर पायरीवर निळ्या अक्षरांचे सहा पेले मांडलेले. मोझेस सातव्याला घडी घालत होता.

"अवो, हे काय केलं?"

"एक जास्तीचा. फाटला तर असावा."

चहा तसाच ठेवून ती पेल्यांत माती भरायला बसली.

सहातल्या पाच उगवल्या. पंधरा दिवसांनी दोन-दोन पानांची रोपं घेऊन दोघं आळ्यापाशी बसली. पहिला पेला ओला होता, पण शाबूत. शाई फुटली होती, तरी नवऱ्याचं वळणदार अक्षर वाचता येत होतं. मरियमला ते मातीत घालवेना. ती नखानं हलकेच कागद सोडवू लागली.

मोझेसनं तिचं मनगट धरलं.

"काय करतीस?"

"एवढं पान तरी ठिवते."

"मुळ्या आल्यात त्यातनं. तुटतील."

त्यानं पेला तिच्या हातातून घेतला, आळ्यात बसवला आणि दोन्ही हातांनी वर माती सारली.

"पानी आन," तो म्हणाला.