पायपुसण्याचं नाणं

सन दोन हजार बावीस. मार्गशीर्षाची थंडी, साखर कारखान्यांची धुराडी नुकती पेटलेली. त्या आठवड्यात बँकेच्या बंद पाकिटातून मी आष्ट्यात उतरलो. मी दहा रुपयांचं नाणं बोलतोय. नीट ऐका. मी एकदाच सांगणार.

माझा जन्म टांकसाळीत झाला, साल २०१३. कडा पिवळी, पोट पांढरं. एका अंगाला सिंह, ते सगळ्यांनाच असतात. दुसऱ्या अंगाला नारळाचं झाड. काथ्याच्या धंद्याचं सरकारी बोर्ड साठ वर्षांचं झालं, त्याची आठवण म्हणून आम्हाला पाडलं. कुणाच्या वाट्याला थोर पुरुष येतात, कुणाच्या वाट्याला देवी. माझ्या वाट्याला काथ्या आला. म्हणजे दोर आणि पायपुसणी. मी तक्रार केली नाही. जो दारात पडून लोकांच्या पायाची घाण अंगावर घेतो, त्याचा मान मी मोठा समजतो. लोक समजत नाहीत.

नऊ वर्षं हिंडलो आणि मिरजेच्या एका बँकेत येऊन पडलो. या भागात दहाचं नाणं चालत नाही. का, ते कुणी सांगत नाही. खोटी नाणी आलीत असं कुणीतरी बोललं. दहाच्या आकड्यावर रेघा दहा असल्या तर खरं की पंधरा असल्या तर, यावर पानटपरीवर वाद झाले. सरकारनं सांगितलं, दोन्ही खरी. लोकांनी मान हलवली आणि नाणं घेतलं नाही. हीच माणसं चिकटपट्टी लावलेली फाटकी नोट निमूट घेतात.

मला ज्यानं नेलं तो आष्ट्याचा अर्जुना. फौजेतून निवृत्त झालेला, वय बाहत्तर, बोलणं कमी. स्वतःहून दहाची नाणी मागणारा बँकेला तो एकटाच मिळाला होता. काउंटरवरची अंकिता त्याला बघून हसायची.

"काका, पाच पाकिटं देऊ का सहा?"

"धा दे."

"परत आणायची नाहीत हां. मोजायला माणूस नाही आमच्याकडं."

घरी ओसरीवर पोतं पसरून तो पाकीट फोडायचा. शंभर नाणी ओतायची, एकेक उचलून डोळ्यांजवळ न्यायचं, बघायचं, टाकायचं. पेन्शन झाली की हेच. बघून झालेली नाणी बँक परत घेत नव्हती आणि वाणी घेत नव्हता. ती पिशव्यांत भरून पलंगाखाली जायची. त्याची बायको चंद्राबाई झाडताना रोज त्या पिशव्यांना केरसुणी मारायची.

"पलंगाखाली पैसा मावंना आन मी भाजीला नोट कुठनं आणू? पेन्शन खाताय का न्हाई, का नुसती बघताय?"

अर्जुना पुढचं पाकीट फोडायचा. दोष अर्धा तिचाही होता, हे दोघांना ठाऊक होतं.

झालं होतं असं. अर्जुनाचा फौजेतला जोडीदार धोंडीबा मलकापूरला राहतो. त्याला नाणी जमवायचा नाद. व्यवहारात हाताला लागलेलंच ठेवायचं, विकत घ्यायचं नाही, हा त्याचा नियम. मी येण्याआधीच्या वर्षी दिवाळीत अर्जुनानं नातवंडांना दाखवायला त्याचा अल्बम मागून आणला. कंडक्टरनं सुट्ट्यासाठी अडवू नये म्हणून चंद्राबाईनं त्यातलं दहाचं एक नाणं काढलं आणि एसटीत दिलं; कंडक्टरनं कुरकुरत का होईना, घेतलं. त्यावर चित्र कसलं होतं, तिनं पाहिलं नाही.

अर्जुनानं अल्बम परत केला. एक कप्पा मोकळा. "एक गेलं. आणून देतो," एवढंच म्हणाला. "ऱ्हाऊ दे रं," धोंडीबा म्हणाला. कोणतं गेलं ते यानं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दोघेही फौजेतले.

नाणं हातात असल्याशिवाय त्याच्या दारात पाय ठेवणार नाही, असं अर्जुनानं मनाशी ठरवलं आणि पाळलं. धोंडीबाच्या नातीच्या, आम्रपालीच्या लग्नाला तो गेला नाही. पुढं धोंडीबाला मिरजेच्या दवाखान्यात ठेवलं, छातीचं दुखणं. अर्जुना तिथवर गेला, समोरच्या रस्त्यावर तासभर उभा राहिला आणि परत आला. घरी येऊन त्यानं दोन पाकिटं जास्त फोडली.

"माणूस जाईल, मग नाणं कुणाच्या हातात देणार?" चंद्राबाईनं विचारलं.

त्यानं पुढचं नाणं उचललं. ते मीच होतो. त्यानं मला फिरवलं, झाड पाहिलं, "पायपुसणं," म्हणाला आणि टाकलं. पुढं पिशव्या एकमेकींत मिसळल्या आणि मी पुन्हा त्याच्या हाताला लागलो. पुन्हा टाकलं. वैष्णोदेवीचं नाणं गेलं, असं तो धरून चालला होता. सगळा मुलूख त्या नाण्यासाठी वेडा, मोबाईलवर त्याचा भाव लाखात सांगतात. मग धोंडीबाचं गेलं ते तेच असणार. दुसऱ्या कशासाठी माणूस इतका गप्प बसेल?

२०२५ च्या फाल्गुनात देवी सापडली. अर्जुनानं दाढी केली, फेटा बांधला, पहिल्या एसटीनं मलकापूर गाठलं. दुपारी परत आला, फेटा न सोडता ओसरीवर बसला.

"दिलं का?" चंद्राबाईनं विचारलं.

"न्हाई घेतलं. म्हणला, माझ्याकडं देवी कवा हुती?"

"आवं, त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर. तिथं देवी कशी असंल, येवढं कळंना व्हय तुमाला?"

"मग कोणतं, म्हणलं. तर काथ्याचं."

"तवाच इचारायचं हुतं की."

"त्यानं सांगायचं हुतं."

"तीन वर्षं," चंद्राबाई म्हणाली. "दोघं बी लय शाणे."

अर्जुना उठला. आत जाऊन त्यानं पलंगाखालच्या पिशव्या ओढल्या आणि सगळ्या ओसरीवर रिकाम्या केल्या. बँकेनं घेतली असती, वाण्यानं घेतली असती, तर मी कधीच दुसऱ्या गावाला गेलो असतो. लोकांच्या अडाणीपणाचे आभार मानायची वेळ माझ्यावर आली. मी मानले.

दोघं गुडघ्यांवर बसून शोधू लागली. मी चंद्राबाईला सापडलो. तिनं मला पदरानं पुसलं आणि नवऱ्यापुढं धरलं. "हे का तुमचं पायपुसणं?"

त्यानं मला तिसऱ्यांदा पाहिलं. नजर खाली गेली ती त्याची. माझी नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खिशातून मलकापूरला गेलो. धोंडीबाचं दुकान हमरस्त्याला आहे. दोरखंड, शिंकी, सुतळीची बंडलं, दारात पायपुसण्यांची चळत. निवृत्तीनंतर तीस वर्षं त्यानं हाच धंदा केला. दुखण्यानं वाळला होता, पण खुर्चीत ताठ बसला होता.

अर्जुनानं मला टेबलावर ठेवलं. धोंडीबानं उचललं, उजेडाकडं नेलं.

"विकत घेतलं का?"

"पाकिटातलं हाय. बायकुला घावलं."

धोंडीबानं झाडावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "नातीला बघायला येणारं पाव्हणं इचारायचं, आजा काय करतो. मी सांगायचो, पायपुसणी इकतो. हसायचं. तवा हे काढून दावायचो. सरकारनं माझ्या धंद्याचं नाणं पाडलंय, म्हणायचो. मग हसत न्हवतं कुणी. लग्नात दावायला न्हवतं, गड्या."

"मला बोलला असतास तर."

"तू आला असतास तर."

अर्जुनानं फेटा काढून मांडीवर ठेवला. धोंडीबानं खणातून अल्बम काढला, पानं उलटली, मोकळ्या कप्प्यात मला सरकवलं आणि वरून अंगठा दाबला.

"फिटलं?" अर्जुनानं विचारलं.

"फिटलं."