काचेएवढं अंतर

खोकला असा अंगावर काढू नकोस, असं थोरली जाऊ दोनदा बजावून गेली होती. धाकटीनं ते हसण्यावारी नेलं. ग्रंथालयातली नोकरी, दिवसभर पुस्तकांची धूळ. खोकला नाही येणार तर काय गाणं येणार, म्हणत तिनं सहा महिन्यांच्या ठमीला पदराखाली घेतलं होतं.

क्षय निघाला, तोही नेहमीच्या औषधांना दाद न देणारा. धाकटीला रुग्णालयात वेगळ्या खोलीत ठेवलं आणि ठमी थोरलीकडे गेली. थोरलीला मूलबाळ नव्हतं. दर रविवारी ती ठमीला कडेवर घेऊन खिडकीबाहेर उभी राहायची. काच बंद. आतून धाकटी काचेला तळवा टेकवायची. बाहेरून ठमीला तसाच तळवा टेकवायला थोरलीनंच शिकवलं.

पोर मला विसरेल, या घोरानं धाकटीला आधी अन्न गोड लागेना. देवाशी ती नुसती भांडायची. भांडून, रडून पार रिती झाली, तेव्हा कुठे तिचं मागणं बदललं. माझी मला परत दे, असं म्हणणं सुटलं. ठमी हसती राहू दे, मग कुणाच्या का कडेवर असेना, एवढंच उरलं. त्या दिवसापासून तिला झोप लागायला लागली.

अकराव्या महिन्यात ती बरी होऊन परत आली. थोरलीच्या दारातच गुडघ्यांवर बसून तिनं हात पसरले. ठमी थोरलीच्या पायांमागे दडली.

"अगं, आई आहे ती. जा की," थोरली पुन्हा पुन्हा सांगत होती.

ठमी कशीबशी चार पावलं पुढे आली, हातभर अंतरावर थांबली आणि तिनं हवेतच तळवा सपाट धरला. तिच्या लेखी या बाईच्या आणि आपल्या मध्ये काच असायचीच. धाकटीनं न शिवता आपला तळवा समोर धरला. ठमी खुदकन हसली, वळली आणि "आई, आई" करत थोरलीला जाऊन बिलगली.

मागितलं होतं ते सगळं मिळालं होतं.

थोरलीचं तोंड एवढंसं झालं. "तिचे कपडे बांधून ठेवलेत मी," ती खाली बघत म्हणाली.

"राहू दे, जाऊबाई. यायची तेव्हा येईल."

आता ठमी रोज तासभर धाकटीकडे खेळते. उद्या दोन तास खेळेल, एक दिवस तिथेच राहील. त्या दिवशी थोरलीचं काय होईल, हे धाकटीइतकं कुणाला ठाऊक असणार? पण समजूत घालायला तिनं कुठल्या तोंडानं जायचं? म्हणून वाचणाऱ्याला विनंती, तुमच्या शेजारी अशी एखादी थोरली असेल. काहीतरी निमित्त काढून तिचं दार वाजवा. बरी आहे म्हणाली, तरी लगेच परतू नका.