कोपऱ्यावरची शिट्टी

आमच्या ह्यांना कारखान्यात सगळे चकाचक म्हणतात. काम स्वयंपाकाच्या ओट्यांचे दगड कापायचं, पण घरी येताना अंगावर धुळीचा कण सापडायचा नाही. काम संपलं की हवेच्या नळीने डोक्यापासून बुटांपर्यंत स्वतःला झोडपून काढायचे, आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून शिट्टी मारायचे. शिट्टी ऐकली की मी चहा टाकायचा, असं आमचं ठरलेलं. ते दारात, चहा कपात.

मग शिट्टी थेट फाटकापाशीच यायला लागली आणि चहाचं गणित चुकायला लागलं. "म्हातारे झालात," मी चिडवायचे. ते खोकत खोकत हसायचे. जिन्यात मात्र मधेच कठडा धरून उभे राहायचे. शेवटी मी त्यांना ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो पाहिला आणि विचारलं, "दगड कोरडाच कापता?"

"पाण्याने चिखल होतो हो, आखलेली रेघ दिसत नाही. पण मी एकदम स्वच्छ असतो, विचारा हिला! रोज हवेने सगळी धूळ उडवतो."

"आणि उडालेली जाते कुठे?"

हे छताकडे बघायला लागले.

"दिसते ती खाली बसते," बाई म्हणाल्या. "दिसत नाही इतकी बारीक असते, ती श्वासाबरोबर आत जाते आणि फुफ्फुसाला व्रण पाडून ते कडक करते. सिलिकोसिस. झालेलं आता भरून येणार नाही. पण धूळ बंद केलीत, तर पुढचं नुकसान तरी लांबवता येईल."

दुसऱ्याच दिवशी हे मालकाशी कडाकडा भांडले. प्रत्येक मशिनीला पाणी जोडायला लावलं आणि हवेची नळी स्वतःच्या हाताने काढून टाकली. स्वतः आता कापत नाहीत, लोकांच्या घरी जाऊन ओट्यांची मापं घेतात. कारखान्यातले बाकीचे चिखलाने बरबटून बाहेर पडतात आणि ह्यांच्या नावाने खडे फोडतात. ह्यांना त्याचा केवढा आनंद!

काल खिडकीतून पाहिलं, तर हे कोपऱ्यावर उभे. ओठांचा चंबू केला, गाल फुगवले. माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. मला रडूच फुटलं. डोळे पुसले आणि चहा टाकला.

दारात येऊन धाप आवरत त्यांनी विचारलं, "ऐकू आली?"

"आली की! कानठळ्या बसल्या," मी म्हणाले आणि कप पुढे केला.