ऐरणीखालचा खोका

मित्रांनो, मी एक जुना लाकडी खोका आहे आणि माझ्या पोटात वाळू भरलेली आहे. माझ्या डोक्यावर एक ऐरण बसली आहे. दिवसभर तिच्यावर हातोडा पडतो आणि प्रत्येक घावाची थोडीफार खबर मलाही लागते. तरी मी कुरकुर करत नाही. खरे तर माझा जन्म एकाच प्रवासापुरता होता. प्रवास संपला की मला फोडायचे आणि भट्टीत घालायचे, असे माझ्यादेखत ठरले होते. माझ्यादेखतच काय, माझ्यावर चहाचे कप ठेवून ठरले होते.

मला घडवले ते एका सुताराने. त्याच्या बहिणीचा नवरा लोहार. या लोहाराची धाकटी मुलगी बापाच्या हाताखाली काम शिकून तयार झाली होती. उंचीही तिने बापाचीच घेतली होती. दूरच्या गावात तिने एक गाळा भाड्याने घेतला आणि दुकान नीट मांडण्याआधीच तिला पहिले काम मिळाले. शाळेचे लोखंडी फाटक एका बाजूला लोंबत होते, त्याला नव्या बिजागऱ्या हव्या होत्या. शाळा सोमवारी उघडणार होती. "रविवारी संध्याकाळपर्यंत झालं तर तुझं काम, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो," असे मुख्याध्यापकांनी तिला बजावले होते. धाकटीकडे भट्टी होती, कोळसा होता, हिंमत तर भरपूर होती. ऐरण तेवढी नव्हती.

"माझी ने," बाप म्हणाला. "माझा खांदा आता गेलाच आहे." एवढे बोलून तो भाता साफ करायला वळला. भाता सकाळीच साफ करून झाला होता.

ऐरण नेण्यासाठी खोका हवा, म्हणून सुतारमामा माप घ्यायला आले. ऐरण एका जाड ओंडक्यावर बसलेली होती. वर्षानुवर्षे धूर खाऊन दोघेही इतके काळे झाले होते की ऐरण कुठे संपते आणि ओंडका कुठे सुरू होतो, हे कळत नव्हते. मामांनी टेप लावली, पण त्यांचे लक्ष मापाकडे नव्हतेच. लोहार मागे उभा राहून त्यांना लाकडाबद्दल सल्ले देत होता.

"फळी जाड घे बरं का. आणि खिळे नकोत, स्क्रू मार."

"भाऊजी, तुम्ही लोखंडाचं बघा. लाकडात डोकं घालू नका."

"अरे, पण तळ फुटला म्हणजे?"

"माझा तळ? त्यावर तुम्ही सहकुटुंब नाचा, मग बोला!"

या रागाच्या भरात मामांनी जमिनीपासून ऐरणीच्या माथ्यापर्यंत माप घेतले. म्हणजे ओंडक्यासकट. पेन्सिल कानावर ठेवली आणि तडक निघून गेले.

मला मात्र त्यांनी जीव ओतून घडवले. जाड फळ्या, कोपऱ्यांत आतून ठोकळे, तळाला दुहेरी लाकूड आणि दोर ओवता यावा म्हणून खाली दोन आडव्या पट्ट्या. इतके असूनही लोहाराला चैन पडेना. मामा जेवायला गेलेले पाहून त्याने माझ्या कमरेला गुपचूप दोन लोखंडी पट्टे आवळले. मामांनी ते पाहिले आणि दिवसभर अबोला धरला. दोघांच्या भांडणात माझी तब्येत मात्र छान झाली.

मग ऐरण ओंडक्यावरून उतरवून माझ्यात सोडली. ती खाली गेली, आणखी खाली गेली आणि पार तळाशी जाऊन बसली. वर नुसती पोकळी. सगळे वाकून आत बघत राहिले. शेवटी मामांची थोरली बहीण, म्हणजे लोहाराची बायको, म्हणाली, "काय रे, ऐरणीच्या डोक्यावर माळा काढणार आहेस का?"

लोहार इतका हसला की त्याला खाली बसावे लागले. मामांचे कान लाल झाले. पण हार मानतील ते मामा कसले? "हसा!" ते म्हणाले. "जागा मुद्दाम सोडली आहे. खाली वाळू भरायची असते. रस्त्यात दणके बसतात, तुम्हाला काय कळतंय?" ही युक्ती त्यांना त्याच क्षणी सुचली होती. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होतो ना.

ऐरण पुन्हा बाहेर काढली. ओली वाळू ठासून भरली, वर ऐरण ठेवली, तेव्हा कुठे ती झाकणाला टेकली. हमालांनी मला उचलले आणि लगेच खाली ठेवले. "शेठ, आत काय डोंगर भरलाय का?" एकाने विचारले. ओंडका खालून कुजला होता, म्हणून तो मागेच राहिला. "तिकडे एखादा ओंडका मिळेलच," असे सगळ्यांनी गृहीत धरले होते.

तो मिळाला नाही. मी शनिवारी संध्याकाळी पोहोचलो, तेव्हा धाकटी सगळ्या वखारी पालथ्या घालून रिकाम्या हाताने परतली होती. हमाल मला गाळ्याच्या मधोमध टाकून निघून गेले. तिने बापाला फोन केला.

"बाबा, ओंडका नाही मिळाला. जमिनीवर ठेवूनच करते."

"जमिनीवर? दोन घाव घालशील आणि कंबर धरून बसशील. ते काम उद्यापर्यंत होत नाही, पोरी."

तिने फोन ठेवला. डोळे पुसले आणि पहार उचलली. मित्रांनो, मी मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेतला. आधी झाकण गेले. ऐरण एकटीला उचलता येईना, म्हणून मला वरून फोडत खाली यायचे तिने ठरवले. कडकड करत लोखंडी पट्ट्यांच्या वरच्या चारही बाजूंच्या फळ्या निघाल्या. मला फार लागले. पुढे लोखंडी पट्टा आला आणि पहार अडली. धाकटी दमली होती. दम खायला ती सरळ उभी राहिली आणि तिने हात खाली सोडले.

तिची मूठ ऐरणीला टेकली.

ती दचकली. लहानपणी बापाने तिला पहिला धडा हाच दिला होता: सरळ उभी राहा, मूठ खाली सोड, मुठीला ऐरण लागली पाहिजे. तिने पुन्हा मूठ सोडून पाहिली. मग हातोडा घेऊन एक घाव घातला. ऐरण खणखणली. मी जागचा हललो नाही. अहो, हलणार कसा? वाळू, दुहेरी तळ, वर बापाचे पट्टे!

रविवारी दुपारीच बिजागऱ्या झाल्या आणि संध्याकाळी फाटक उभे राहिले. मुख्याध्यापक ते उघडत होते आणि मिटत होते, उघडत होते आणि मिटत होते. शेवटी त्यांच्या पत्नीने त्यांना हाक मारून घरी नेले.

धाकटीने फोन लावला. "बाबा, मामांनी खोका बरोब्बर आपल्या ओंडक्याच्या मापाचा कसा केला?"

बापाच्या डोक्यात तेव्हा लख्ख प्रकाश पडला असणार. शेजारी मामा बसले होते आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले होते, असे मला नंतर समजले. चिडवायची याहून चांगली संधी लोहाराला जन्मात मिळाली नसती.

"मामांनी मापच तसं घेतलं होतं गं," तो म्हणाला. यात एक अक्षरही खोटे नव्हते.

पुढे दोघे मिळून मला बघायला आले. बाप माझ्यासमोर सरळ उभा राहिला आणि त्याने हळूच मूठ खाली सोडली. मूठ टेकली. त्याने ती लगेच उचलली नाही. मग खाकरून म्हणाला, "पट्टे मात्र माझे आहेत."

"नसते तरी चाललं असतं," मामा म्हणाले.

मित्रांनो, भलत्याच मापाची वस्तू दिसली तर तिला लगेच भट्टीत घालू नका, एवढेच माझे सांगणे आहे. आणखी एक विनंती आहे. घाव बसून बसून माझ्यातली वाळू खाली बसते, तेव्हा ऐरण उचलून खाली नवी वाळू भरावी लागते. धाकटीकडे आता कामांची रांग लागलेली असते, ती विसरते. तुम्ही कधी इकडे आलात तर तिला तेवढी आठवण करा. तिचे बाबा पुन्हा यायचे आहेत, आणि त्यांची मूठ ऐरणीला लागली पाहिजे.